फॉर्मलिनमध्ये टाकल्याची वेळ

पेन्सिलीचं अक्षर स्पिरिटमध्ये टिकतं. पेनाचं वाहून जातं.

ताईनं बटाटे कधी पुरते उकडू दिले नाहीत. बाहेरून मऊ, मध्ये टणक. खा मुकाट्यानं, पोटात गेल्यावर शिजतील.

जुन्या मशीनला बारा डबे आणि चौदा तास. नव्याला चार डबे आणि एक तास चाळीस मिनिटं.

भिंतीवर चिकटवलेला कागद, ठळक अक्षरात : वेळ लिहा. वेळ न लिहिलेलं सँपल परत जाईल. ओळख सांगू नये.

गोगलगाय दिवसभरात किती चालते, हे त्यानं एकदा अंगणात खडूनं खुणा करून मोजलं होतं. संध्याकाळी ताईनं अंगण धुतलं.

फॉर्मलिनमध्ये टाकल्याची वेळ : ...............

दहाला दहा मिनिटं कमी होती. खालून सँपल आणणाऱ्या शिपायानं ट्रे टेबलावर ठेवला आणि रोजच्यासारखा म्हणाला, "घ्या मेणकाका, ताजी भाजी. ही कडेची बाटली तर आत्ता अर्ध्या तासापूर्वी काढलीय. गरमागरम." मेणकाका हे त्याचं लॅबमधलं नाव. एकतीस वर्षं शरीराचे तुकडे मेणात बसवणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार? तो रोजच्यासारखा हसला. मग त्यानं कडेची बाटली उचलली, लेबल वाचलं, आणि हसू तसंच तोंडावर राहून गेलं, झोपताना काढायला विसरलेल्या चष्म्यासारखं. लेबलवर ताईचं नाव होतं. नाव, आडनाव, वय एकसष्ट, डाव्या छातीतली गाठ. एका नावाच्या बायका शहरात ढिगानं असतील, असं त्यानं स्वतःला समजावलं आणि कागदावरचा पत्ता वाचला. नाव ढीगभर बायकांचं असतं, पत्ता एकाच घराचा असतो. त्या घरी तो परवाच्या रविवारी गेला होता. ताईनं चहा केला होता, नळ गळतो म्हणून नळदुरुस्तीवाल्याला आणि त्याच्या सगळ्या खानदानाला शिव्या घातल्या होत्या, आणि निघताना, "केस काप रे, भुतासारखा दिसतोस," असं म्हणाली होती. डावा हात तिनं अंगाशी धरला होता का? कपबशी उजव्या हातानं दिली होती का? आता त्याला आठवायला लागलं की हो, डावं कोपर तिनं बरगडीशी दाबून धरलं होतं. पण हे खरंच आठवतंय की लेबल वाचून मनानं आत्ता तयार केलंय, हे कळायला मार्ग नव्हता. बाटलीत पोकळ सुईनं काढलेले पातळ, लांब, शेवयांएवढे चार तुकडे तरंगत होते. गुलाबी. फॉर्मलिनमध्ये मुरलेला तुकडा करडा होतो, मातकट होतो. हे अजून गुलाबी होते.

कागद काल खालच्या विभागात तयार झाला होता, म्हणून वर कालची तारीख होती. सुई आज घेतली होती. आणि वेळेची चौकट कोरी होती. ती नेहमीच कोरी असते. डॉक्टर लोकांना सुई घालायला वेळ असतो, वेळ लिहायला नसतो. याच चौकटीवरून तो गेली दहा वर्षं सगळ्या इस्पितळाशी भांडत आलेला. भिंतीवरचा कागद त्याच्याच अक्षरातला. एका सर्जननं एकदा वरपर्यंत तक्रार केली होती की तुमचा तो मेणवाला माणूस आम्हाला शाळकरी पोरांसारखं वागवतो. मॅडमनी, म्हणजे या लॅबच्या डॉक्टरीणबाईंनी, तेव्हा त्याची बाजू घेतली होती. "तो वागवत नाही," त्या म्हणाल्या होत्या, "तुम्ही तसे आहात."

नव्या माणसाला काम शिकवताना त्याचं एक ठरलेलं भाषण होतं. तुकडा म्हणजे पाण्यानं भरलेलं घर. आधी फॉर्मलिननं भिंती पक्क्या करायच्या. मग ते पाणी बाहेर काढून तिथे मेण भरायचं, म्हणजे एक बिऱ्हाड हलवून दुसरं आणायचं. पाणी मेणाला घरात घेत नाही, म्हणून मध्ये स्पिरिट, मग झायलिन, मग मेण. एकेक खोली रिकामी होऊ द्यायची. घाई केलीत तर भिंती पडतात, आणि पडलेल्या भिंतींवरून डॉक्टरनं काय ओळखायचं, इथे कोण राहत होतं? मग मेणाची वडी, वडीचे केसापेक्षा पातळ काप, काप काचेवर, काचेवर रंग, आणि मग मॅडमचा डोळा. संध्याकाळी तुकडे मशीनमध्ये घालायचे, सकाळी काढायचे. मधली रात्र तुकड्यांची. त्या रात्री कुणाच्या तरी घरी कुणीतरी छताकडे बघत पडलेलं असतं, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं, जसं आपल्या खाली पृथ्वी फिरते आहे हे माहीत असतं.

नवं मशीन आलं त्याला दोन महिने झाले होते. आत सूक्ष्मलहरी सोडणारी पेटी, घरच्या ओव्हनची शिकलेली बहीण. तुकडे पातळ कापा, आधी फॉर्मलिनमध्ये पुरते मुरू द्या, एवढं सांभाळलं की जे काम चौदा तासांचं ते पावणेदोन तासांत. मॅडमनी पहिल्या दिवशी सगळ्यांना गोळा करून सांगितलं होतं, "जिन्यात बसलेली माणसं मला रोज दिसतात. त्यांची एक रात्र वाचली तरी मशीन फुकट नाही गेलं." तो मागे उभा राहून म्हणाला होता, "घाईत शिजवलेलं आतून कच्चं राहतं." त्यावर दुसऱ्या टेबलावरची तंत्रज्ञ, चाळिशीची, दोन मुलांची आई, जिला तो एक्स्प्रेस म्हणत असे, पटकन म्हणाली होती, "मेणकाकांचं बरोबर आहे. अजून दोनशे वर्षं थांबलो तर तुकडे आपोआपच दगड होतील, मेणाचाही खर्च नको." सगळे हसले. जुनं मशीन कोपऱ्यात ठेवून दिलं होतं, अडीनडीला. त्याचे डबे तो अजूनही दर शनिवारी धूत असे.

पण आता तो कोपऱ्याकडे बघत नव्हता. घड्याळाकडे बघत होता. नवं मशीन दिवसातून दोनदा लागे, साडेदहाला आणि साडेतीनला. साडेदहाच्या खेपेचा निकाल त्याच दिवशी, कारण मॅडम पाचपर्यंत असत. साडेतीनच्या खेपेच्या काचा मॅडमपुढे दुसऱ्या दिवशी सकाळी. सुई नऊ वीसला घेतली असेल तर सहा तास तीन वीसला भरतात. छातीच्या गाठीच्या तुकड्याला सहा तास फॉर्मलिन, हा या लॅबचा दगडावर कोरलेला नियम, कोरणारा तोच. म्हणजे साडेतीनची खेप. म्हणजे उद्या सकाळ. म्हणजे मध्ये एक रात्र, जी त्यानं एकतीस वर्षं परक्या माणसांना, काहीही न वाटता, रोजच्या रोज वाटली होती.

आपण काय करतोय हे त्याला नीट दिसत होतं, हे महत्त्वाचं. खिशातलं पेन काढलं, कागद डाव्या हातानं दाबला, आणि चौकटीत लिहिलं : काल, सायं. ५. अक्षर सुरेख आलं. मग मॅडम कागद बघून म्हणाल्या, "अरे वा, आज वेळ लिहिलीय कुणीतरी. पेढे वाटा." तोही म्हणाला, "हो ना." मॅडमनी तुकडे मोजले, मापं सांगितली, कॅसेट म्हणजे छोटी जाळीची डबी, तिच्यात चारही तुकडे घातले. तुकड्यांचा रंग बघून त्या क्षणभर थबकल्या, असं त्याला वाटलं. पण त्यांचा फोन वाजला. डबीवर त्यानं पेन्सिलीनं क्रमांक घातला. दहा अठ्ठावीसला डबी मशीनमध्ये होती. दहा तीसला एक्स्प्रेसनं बटण दाबलं आणि पडद्यावर उलटे आकडे सुरू झाले. १:४०. १:३९.

ताईसाठी केलं, असं त्यानं १:३१ ला ठरवलं. ताईला वाट बघता येत नाही. जन्मात आली नाही. तो नऊ वर्षांचा आणि ती सोळाची असताना इस्पितळाच्याच एका जिन्यावर, हे इस्पितळ नव्हे, दुसरं, जुनं, ज्याच्या कठड्याला हिरवा रंग होता आणि तो नखानं सोलता येत असे, तिथे तो चौथ्या पायरीवर बसून कठडा सोलत होता, आणि ती वरून दोन-दोन पायऱ्या उड्या मारत आली आणि एका दमात म्हणाली, "बाबा गेले, चल, घरी जाऊन काहीतरी खाऊन घेऊ." स्वल्पविरामाएवढीही जागा तिनं ठेवली नव्हती. मोठेपणी त्यानं एकदा विचारलं होतं, असं कसं सांगितलंस गं. ती बटणं लावत होती, ती शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यात होती आणि काम घरी आणायची. दोरा दातानं तोडून म्हणाली, "वाईट गोष्ट गिळून टाकावी. चघळत बसलं की जास्त कडू लागते." ती सगळं झटपट करी. झटपट शिवी, झटपट रडून मोकळी होई, लग्नाला झटपट हो म्हणाली आणि भावोजी गेल्यावर तेराव्या दिवशी त्यांचे सदरे उसवून पिशव्या शिवल्या. त्याला गोगलगाय हे नाव तिनंच ठेवलं. गोगलगाय, जेव. गोगलगाय, शाळा सुटायच्या आत पोच म्हणजे झालं. मग ज्या बाईला वाट बघता येत नाही तिच्यासाठी भावानं एक रात्र वाचवली तर त्यात काय चुकलं?

पण १:०४ ला हे कारण उभं राहीना. ताईला खाली सांगितलं असणार, रिपोर्ट परवा. ती परवाच येणार होती. आज दुपारी दीड वाजता तिच्या आयुष्यात काहीही बदलणार नव्हतं. ती नळदुरुस्तीवाल्याला शिव्या घालत बसली असेल. जो आज दीड वाजता सुटणार होता तो एकच माणूस, आणि तो इथे उभा होता. तिनं त्याला सांगितलंसुद्धा नव्हतं. हे आत्ता त्याच्या खरं लक्षात आलं. याच इमारतीत तुकडा येणार, याच टेबलावर, हे तिला माहीत असणार, आणि तरी तिनं सांगितलं नाही. रविवारी केस काप म्हणाली. राग आला. इतका आला की त्यानं स्वच्छ असलेली पाण्याची थाळी परत धुतली.

"काका, आज बसा ना जरा," एक्स्प्रेस म्हणाली. "मशीन पळून नाही जाणार."

"मी कुठे काय करतोय?"

"सहा वेळा जाऊन आकडे बघून आलात. दोन महिने त्याच्याकडे बघून नाक मुरडलंत, आणि आज सोयरीक जुळल्यासारखे भोवती घुटमळताय."

तो सातव्यांदा आकडे बघायला गेला. आत सूक्ष्मलहरी तुकड्यातल्या पाण्याला हलवत असतील, प्रत्येक थेंबाला घरातून बाहेर ढकलत असतील, चला, उठा, निघा. भिंती पक्क्या झाल्या नसतील तर? झाल्या असतील. तुकडे पातळ आहेत. एक तास तर एक तास, फॉर्मलिन आत गेलं असेल. माणूस काय काय म्हणतो स्वतःला. एकतीस वर्षांत सर्जन लोक नेमकी हीच वाक्यं त्याला फोनवर सांगत आले होते, आणि तो ती वाक्यं डबा खाताना त्यांच्या आवाजात बोलून दाखवून सगळ्यांना हसवत असे.

०:००.

मेणाची वडी घातली, गार केली, मायक्रोटोमला लावली. हे यंत्र म्हणजे एक चाक आणि एक पातं. चाक फिरवलं की वडी खाली येते आणि पात्यावरून केसाच्या विसाव्या हिश्शाएवढा काप निघतो, कापामागे काप, एकाला एक चिकटून फीत होते. फीत कोमट पाण्यावर सोडायची. ती पसरते, सुरकुत्या जातात, मग काचेवर उचलायची. चांगल्या वडीचा आवाज असतो, बारीक, रेशीम फाटल्यासारखा. या वडीचा आवाज दुसऱ्याच फेरीला बदलला. तुकड्यांच्या कडा नीट येत होत्या. मधल्या भागापाशी पातं अडखळत होतं, आणि फितीत, प्रत्येक कापात, नेमक्या त्याच जागी, भोकं. बाहेरून शिजलेलं आणि मध्ये कच्चं. त्यानं वडीवर बर्फ ठेवला, पातं बदललं, चाक इतकं हळू फिरवलं की फिरतंय की नाही कळू नये. त्याच्याइतके सावकाश काप या शहरात कुणाला घेता येत नाहीत, याचा त्याला अभिमान होता. सगळी सावकाशी त्यानं आता पणाला लावली, जिथे ती कामाची नव्हती तिथे. तीन काप बरे निघाले. बरे म्हणजे आंधळ्यांत काणा. रंग चढवला, काच पुसली, आणि रंग बसला की नाही हे बघायचं म्हणून, कारण तेवढंच बघायची त्याला परवानगी होती, काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली.

निदान करणं त्याचं काम नाही. पण एकतीस वर्षं बसच्या खिडकीतून एकच रस्ता बघणाऱ्याला कुठल्या दुकानाला आग लागलीय हे कळायला अग्निशामक दलाची परीक्षा द्यावी लागत नाही. कडेला, जिथे भिंती टिकल्या होत्या तिथे, गर्दी होती. निळ्या, मोठ्या, वेड्यावाकड्या केंद्रकांची गर्दी, रांग मोडून घुसलेली, जिथे तिथे बसलेली, कुणाचं कुणाला सोयरसुतक नाही. आणि मधला भाग धुरकट, कुणी ओल्या बोटानं पुसल्यासारखा. त्यानं डोळा काढला. खोली होती तशीच होती. नळाखाली काचा, एक्स्प्रेसचा हिरवा डबा, खिडकीत वाळत घातलेले हातमोजे, पाच पाच बोटांनी बाहेर काहीतरी दाखवत असलेले. त्याला वाटलं होतं, कळलं की सुटेल. काही सुटलं नाही. तीच खोली, फक्त आता न कळण्यात लपायला जागा नाही.

दीड वाजता मॅडमनी काच बघितली. बराच वेळ बघितली. "कॅन्सर आहे," त्या म्हणाल्या, डोळा न काढता, रोजच्या आवाजात, कारण रोजचीच गोष्ट होती. "कडेला अगदी स्पष्ट आहे. पण मध्ये हे काय झालंय? मुरलेलंच नाही." कागद ओढून घेतला. "काल पाच. म्हणजे सतरा तास फॉर्मलिनमध्ये. सतरा तासांनंतर असं?" मग त्यांनी मशीनकडे बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते त्यानं दोन महिने वाट बघून मिळवलं असतं तर त्याला आनंद झाला असता. "तुम्ही म्हणत होता," त्या म्हणाल्या. "आतून कच्चं राहतं म्हणून."

"मशीन नीट आहे मॅडम," एक्स्प्रेस उठून उभी राहिली. "याच खेपेत सात डब्या होत्या. बाकीच्या सहा लोण्यासारख्या कापल्यात मी."

"त्या चरबीच्या नव्हत्या. छातीचे तुकडे यात घालणं बंद करू या. कंपनीच्या माणसाला बोलवा. मेणकाका, तुमचं जुनं मशीन चालू आहे ना?"

"आहे," तो म्हणाला.

हा एक शब्द त्यानं उच्चारला आणि मग पावणेदोन तास दुसरा उच्चारला नाही. कुणाला कळणार नव्हतं, आणि तो जिंकला होता. त्या पावणेदोन तासांत त्याच्या डोक्यात जे चाललं त्याला विचार म्हणणं जास्त होईल, माशी काचेवर आपटते तसलं काहीतरी. कॅन्सर आहे एवढं वाचता आलंय. मग बिघडलं कुठे? खरंच आहे ते, खोटं नाही. वेळ खोटी आहे, गाठ खरी आहे. पण मॅडमनी कागदाच्या खाली लाल पेनानं लिहिलं होतं : पुढील तपासणीस पाठवा. गाठीवर कुठली गोळी लागू पडेल, पडेल की नाही, हे सांगणारी ती वेगळी तपासणी, शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या लॅबमध्ये होते. मेणाची वडी तिकडे जाते आणि वडीबरोबर वेळ जाते. तुकडा फॉर्मलिनमध्ये कमी मुरलेला असेल तर ती तपासणी चुकते. गोळी लागू पडण्यासारखी असूनही 'नाही' सांगते. वेळ खरी लिहिलेली असेल तर तिकडची माणसं त्या 'नाही'वर विश्वास ठेवत नाहीत. सतरा तास लिहिले असतील तर ठेवतात. आणि एकदा 'नाही' छापून आलं की ती साधी, रोज एक घ्यायची गोळी ताईला कुणी देणार नाही, कधीच, आणि का दिली नाही हे जगात एकाच माणसाला माहीत असेल. त्यानं वेळ वाचवली नव्हती. जी होती तीही तिच्याकडून काढून घेतली होती.

मोठ्या लॅबची गाडी चारला येते. सव्वातीनला एक्स्प्रेस वड्या पाकिटात भरत होती.

"ती देऊ नकोस," तो म्हणाला.

"कुठली?"

"माझी." मग त्यानं क्रमांक सांगितला.

मॅडमच्या खोलीत तो कागद घेऊन गेला. बसला नाही. "ही वेळ मी लिहिली," तो म्हणाला. "खोटी आहे. सुई आज नऊ वीसच्या सुमाराला घेतलीय. तुकडे जेमतेम तासभर फॉर्मलिनमध्ये होते. मशीनचा काही दोष नाही."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्यांना समजलं नसावं, कारण त्या आधी हसल्या. "तुम्ही? बाहेर भिंतीवर ते कुणाच्या अक्षरात आहे हो?"

"माझ्याच."

"लोका सांगे ब्रह्मज्ञान."

"हो."

"का?"

त्यानं कागद वळवून नावावर बोट ठेवलं. "माझी मोठी बहीण आहे."

मॅडम नाव वाचत राहिल्या, नावात आणखी काही लिहिलेलं असावं तसं. त्या ओरडतील असं त्याला वाटलं होतं आणि ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळू म्हणाल्या, "मला सांगायचं होतंत. मी स्वतः साडेपाचपर्यंत काय, आठपर्यंत थांबले असते. साडेतीनची खेप लावून मी आज काच बघितली असती."

हे त्याला सुचलं नव्हतं. एवढी साधी गोष्ट. दारावर टकटक करून, मॅडम, माझ्या ताईचं आहे, आज थांबाल का, असं म्हणायचं. एकतीस वर्षांत त्याच्यावर कुणालाच थांबा म्हणायची वेळ आली नव्हती; वेळ नेहमी लोकांनी त्याच्याकडे मागितली होती आणि त्यानं ती नियमाप्रमाणे दिली होती.

"चारही तुकडे यातच गेलेत," मॅडम म्हणाल्या. "बाटलीत काही उरलं नाही. परत सुई घ्यावी लागेल. आणि हे मला वर लेखी द्यावं लागेल, तुमच्या नावानं. कळतंय ना?"

"द्या."

"तुमच्या ताईंना कोण सांगणार?"

"मी सांगतो. दोन्ही गोष्टी."

फोन त्यानं रसायनांच्या कोठीतून केला, झायलिनच्या डब्यांमध्ये उभं राहून. तिसऱ्या घंटेला ताईनं उचलला आणि नेहमीसारखी हॅलोच्या आधीच सुरू झाली, "काय रे, आज कामाच्या वेळेला? तो नळवाला अजून उगवला नाहीये."

"ताई, तुझा तुकडा माझ्याकडे आला."

पलीकडे नळ गळत असल्याचा आवाज आला. किंवा घड्याळाचा.

"येणारच की," ती म्हणाली. "मग?"

"मला का नाही सांगितलंस?"

"तू आठ दिवस तोंड पाडून बसला असतास. मला तुझं तोंड सांभाळायचं की माझं दुखणं? मग काय, आहे का ते?"

तो श्वास घ्यायला थांबला. तिला वाट बघता येत नाही. "आहे, आणि तुला परत सुई घ्यावी लागेल, कारण पहिले तुकडे मी बिघडवले," तो एका दमात म्हणाला. "पुरते मुरायच्या आत मशीनमध्ये घातले. वेळ खोटी लिहिली. आजच कळावं म्हणून. त्यावरून औषध ठरतं, ते आता ठरवता येणार नाही. माझ्यामुळे."

तो डब्यांवरची अक्षरं वाचत राहिला. ज्वलनशील. झाकण घट्ट लावा. ती इतका वेळ गप्प राहिलेली त्यानं कधी ऐकली नव्हती, भावोजी गेले तेव्हासुद्धा नाही. मग तिकडून एक आवाज आला. रडण्याचा आहे असं समजून त्यानं डोळे मिटले, पण ती हसत होती. धड हसतही नव्हती.

"तू घाई केलीस?" ती म्हणाली. "तू?"

"हो."

"चोपन्न वर्षांत तुला एकदा घाई झाली, मेल्या, ती माझ्या बोकांडी."

"हो ताई."

"हो ताई, हो ताई करू नकोस. दुखतं रे ती सुई. सांगतात मुंगी चावल्यासारखं, मुंगी कुठली, विंचू." मग वेगळ्या आवाजात, जो तिनं बहुधा कारखान्यात, लग्नात, जिन्यावर, कुठेही कधी वापरला नव्हता, "कधी यायचं?"

"उद्या सकाळी नऊला. मी खाली येतो. वेळ मी बाटलीवर तिथल्या तिथे लिहीन, तुझ्यासमोर. मग सहा तास. मग मशीन. मॅडम थांबणार आहेत."

"सहा तास मी काय करू?"

"माझ्याजवळ बस."

"तुझ्या त्या वासात?"

"हो."

"बघू," ती म्हणाली आणि फोन ठेवला, निरोप न घेता, नेहमीसारखा. तो कोठीत उभाच राहिला. बाहेर एक्स्प्रेस कुणाला तरी सांगत होती की कंपनीच्या माणसाला नको बोलावूस, मशीन नीट आहे. गाडीचा हॉर्न वाजला. त्यानं खिशातून पेन काढलं, कागदावरची काल, सायं. ५ ही अक्षरं एका आडव्या रेघेनं खोडली, खाली वाचता येतील अशी, आणि वर खरी वेळ घालून सही केली. सही करायला त्याला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

त्या दिवशी सकाळी नऊ पस्तीसला एक बाई स्वेटरच्या आत, सुईच्या जागी, बर्फाची पिशवी दाबून धरत तिसऱ्या मजल्यावरच्या लॅबपर्यंत जिन्यानं चढली, दाराच्या काचेतून मायक्रोटोमवर वाकलेल्या माणसाची पाठ बघत चार मिनिटं उभी राहिली, आणि हाक न मारता खाली उतरली.